अमेरिकेतल्या बंदुका: आधी सक्ती होती, हक्काचं भांडण नंतरचं

सस्क्वेहानाकाठी

८ मे १७९२ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने एक कायदा केला. १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाने मिलिशियात, म्हणजे सामान्य नागरिकांच्या फौजेत, नाव नोंदवायचं. नोंद झाली की सहा महिन्यांच्या आत पदरचे पैसे घालून एक चांगली ठासणीची बंदूक, संगीन, पट्टा, दोन जादा गारगोट्या, पाठीवरची पिशवी आणि किमान २४ काडतुसं मावतील अशी पेटी घ्यायची. कवायतीचं बोलावणं आलं की हे सगळं घेऊन हजर व्हायचं. ब्रिगेडचा इन्स्पेक्टर येऊन शस्त्रं तपासणार आणि त्याचा अहवाल वर पाठवणार. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे जे मला फार आवडतं: ही बंदूक कर्जापायी किंवा थकलेल्या करापायी जप्त करता येणार नाही. सावकाराने गोठ्यातली गाय सोडून नेली तरी चालेल, बंदुकीला हात लावायचा नाही!

शेजारच्या धाग्यावर परवाच्या बातमीवरून जे रण माजलंय, तिथे दोन्ही बाजू 'घटनाकारांना नेमकं काय हवं होतं' हे छातीठोकपणे सांगताहेत. एक म्हणतो बंदूक हा देवदत्त हक्क, सरकारचा संबंधच नाही. दुसरा म्हणतो तो हक्क फक्त फौजेपुरता होता, बाकी सगळा बंदूकवाल्यांचा बनाव. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून हा वेगळा धागा.

दुसरी घटनादुरुस्ती लागू झाली १५ डिसेंबर १७९१ ला. मुळात २७ शब्दांचं एकच वाक्य. मतितार्थ असा की स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी शिस्तबद्ध मिलिशिया गरजेची असल्याने, शस्त्रं बाळगण्याच्या आणि धारण करण्याच्या लोकांच्या हक्कावर गदा आणली जाणार नाही. आणि जेमतेम पाच महिन्यांत वर सांगितलेला सक्तीचा कायदा आला. ज्यांनी हक्क लिहिला त्यांनीच ओझंही लिहिलं. त्यांच्या लेखी ती दोन वेगळी खाती नव्हतीच.

यामागे भीती होती ती इंग्लंडच्या राजाच्या खड्या फौजेची. १९ एप्रिल १७७५ ला बॉस्टनहून निघालेले इंग्रज शिपाई काँकर्डला चालले होते ते तिथला दारूगोळा नष्ट करायला. वाटेत लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्धच पेटलं. त्याच आठवड्यात व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर याने विल्यम्सबर्गच्या कोठारातला दारूगोळा रातोरात हलवला. सरकार आपली शस्त्रं उचलून नेतं हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ते पुढे घटनेत काय लिहिणार हे उघड आहे.

पण हेच लोक दुसऱ्या बाजूनेही पोळले होते. १७८६-८७ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या मागे उभे राहिले आणि स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. त्यामुळे मिलिशियाचं एक काम बंड मोडणं हेही ठरलं. १७९४ मध्ये आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम भागात व्हिस्कीवरच्या करावरून दंगा झाला, तेव्हा वॉशिंग्टनने सुमारे १३ हजार मिलिशियावाले पाठवले आणि काही वाट स्वतः त्यांच्याबरोबर गेला. 'सरकारशी लढायला बंदूक' असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

निर्बंधही तेव्हापासूनचेच. १७८३ मध्ये बॉस्टनसाठी कायदा झाला की भरलेली बंदूक घरात, तबेल्यात, कोठारात न्यायची नाही. कारण साधं होतं: लाकडी घरं, आग लागली तर विझवायला गेलेल्यांच्या अंगावर बार उडायचा. आणि १७७७ मध्ये पेनसिल्व्हेनियात ज्यांनी नव्या राज्याशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार दिला त्यांची शस्त्रं काढून घ्यायचा कायदा झाला. क्रांतिकारकांनीच केला हो हा!

तर माझं म्हणणं एवढंच: अमेरिकेत बंदूक होती, मोजणी होती, तपासणी होती, दंडही होता, आणि हे सगळं एकत्र नांदत होतं. पुढे कवायतींना उत्सवाचं आणि पिण्याचं स्वरूप आलं, सक्ती कागदावर उरली, १९०३ च्या कायद्याने नॅशनल गार्ड आलं आणि १७९२ चा कायदा इतिहासजमा झाला. ओझं सरकारी फौजेने उचललं, बंदूक घरात राहिली.

माझ्या घरी बंदूक नाही. पण आमच्या भागात थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी कित्येक शाळांना चक्क हरणाच्या शिकारीची सुट्टी असते, ऑफिस निम्मं रिकामं असतं. त्यामुळे 'बंदूकवाला म्हणजे माथेफिरू' हेही मला पटत नाही. मतं येऊ द्या. शिवीगाळ नको, अॅडमिन आधीच वैतागलेत.

---

गप्पिष्ट_सदाशिव

वाचतोय. एक बाळबोध शंका: मग ते काउबॉय, कमरेला दोन दोन पिस्तुलं, भर रस्त्यात समोरासमोर गोळीबार, ते कुठल्या हक्कात बसायचं?

---

टेक्सासकर

धागा चांगला आहे, पण सोयीचं तेवढंच उचललंय. माझ्याकडे बंदुका आहेत, त्यामुळे माझं नाव कुठल्या खात्यात टाकायचं ते टाका.

पहिलं. हक्क मिलिशियातून जन्मला हे अर्धंच खरं. इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कपत्रात प्रोटेस्टंट प्रजेला स्वसंरक्षणासाठी शस्त्रं ठेवायची मुभा होती, अर्थात ऐपतीप्रमाणे आणि कायद्याच्या चौकटीत. आणि तुमच्याच पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत लिहिलंय की लोकांना स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी शस्त्र धारण करायचा हक्क आहे. आधी 'स्वतःच्या', मग 'राज्याच्या'. सरहद्दीवरच्या शेतकऱ्याला कोल्हा, अस्वल, दरोडेखोर यांच्यासाठी मिलिशियाची कवायत उपयोगाची नव्हती. ज्या लांब नळीच्या बंदुकीला लोक केंटकी रायफल म्हणतात, ती लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांनी घडवली. ती फौजेसाठी नव्हती, शिकारीसाठी होती.

दुसरं. 'बंदूक किराणा दुकानात मिळते' हे भारतातले नातेवाईक ऐकवतात, म्हणून काय होतं ते सांगतो. परवानाधारक दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालीय का, घरगुती हिंसाचाराचा गुन्हा आहे का, कोर्टाने मनोरुग्ण ठरवलंय का, गांजा घेता का. गांजाच्या प्रश्नाखाली ठळक लिहिलेलं असतं की तुमच्या राज्यात तो कायदेशीर असला तरी संघराज्याच्या कायद्याने नाही. खोटं लिहिलंत तर तोच वेगळा गुन्हा. मग दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो. होकार, नकार किंवा 'थांबा'. पिस्तूल घेतलं तर सोबत कुलूप द्यावंच लागतं, हा २००५ चा कायदा आहे. माझ्या पिस्तुलाबरोबर आलेली ती पिवळी केबल नळीच्या मागून घालून मॅगझिनच्या खाचेतून काढायची, की हत्यार निकामी. मी ती वापरत नाही, कारण माझी तिजोरी भिंतीला बोल्ट मारून बसवलीय. गोळ्या वेगळ्या कप्प्यात.

जबाबदारी सरकारने सांगितली म्हणून येत नाही.

---

अवखळ वारा

+१ टेक्सासकर. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

सस्क्वेहानाकाठी

@टेक्सासकर, पेनसिल्व्हेनियाचा मुद्दा बिनतोड आहे. पण तुम्ही टेक्सासचे, म्हणून विचारतो: टेक्सासमध्ये पिस्तूल बाळगून हिंडायला १८७१ पासून बंदी होती हे किती टेक्सासकरांना ठाऊक असतं? प्रवासात, स्वतःच्या जागेत, तातडीचा धोका असताना वगैरे सवलती होत्या, पण एरवी गावात पिस्तूल लटकवून फिरणं गुन्हा. लपवून बाळगायच्या परवान्याचा कायदा झाला तो १९९५ मध्ये, जॉर्ज डब्ल्यू. बुश गव्हर्नर असताना. आणि परवान्याशिवाय बाळगायची मुभा १ सप्टेंबर २०२१ पासूनची. म्हणजे 'परंपरा' म्हणून जे सांगितलं जातं ते बऱ्याच अंशी माझ्या मोठ्या मुलीपेक्षा लहान आहे.

@गप्पिष्ट, काउबॉयचं उत्तर याच वाटेवर आहे. अॅरिझोनातलं टूमस्टोन गाव घ्या. गावात आलात की पिस्तूल जमा करायचं असा तिथला नगरपालिकेचा वटहुकूम होता. २६ ऑक्टोबर १८८१ ची ओके कोरलची जगप्रसिद्ध चकमक मुळात याच वटहुकुमावरून झाली. आदल्या रात्रीपासून आइक क्लँटन धमक्या देत फिरत होता. सकाळी त्याला हत्यार बाळगल्याबद्दल पकडून २५ डॉलर दंड केला. दुपारी त्याचे साथीदार हत्यारं घेऊन एका रिकाम्या प्लॉटवर उभे होते, मार्शल व्हर्जिल अर्प भाऊ आणि डॉक हॉलिडे यांना घेऊन त्यांना निःशस्त्र करायला गेला. अर्ध्या मिनिटात सुमारे ३० गोळ्या आणि तीन मुडदे. कॅन्ससच्या डॉज सिटीत तर भर रस्त्यात फलक होता, हत्यार बाळगण्यास सक्त मनाई. सिनेमावाल्यांनी शूटिंग तेवढं ठेवलं आणि फलक काढून टाकला.

---

टेक्सासकर

१८७१ चा कायदा मला माहीत आहे. तो कुणी केला तेही सांगा ना. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळातलं रिपब्लिकन सरकार होतं आणि मोकळ्या झालेल्या गुलामांवर टोळ्यांचे हल्ले चालू होते. परिस्थितीच तशी होती. त्यावरून आजच्या सभ्य माणसाला मोजू नका.

---

नीलमोहर

परिस्थिती 'तशी' म्हणजे कशी, ते जरा उघडून बघू. मी अटलांटात राहते, हा विषय इथल्या मातीतला आहे.

वर १७९२ च्या कायद्यात 'गोरा' हा शब्द आलाय तो सगळ्यांनी सहज ओलांडला. गुलामगिरीच्या राज्यांत काळ्या माणसाच्या हातात बंदूक हाच गुन्हा होता आणि त्यांच्या झोपड्यांची झडती घ्यायला गस्ती पथकं असायची. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिक का मानता येणार नाही याची जी कारणं दिली, त्यात हेही होतं की मग त्यांना जातील तिथे शस्त्र बाळगायचा हक्क मिळेल. म्हणजे हक्क वैयक्तिक आहे हे त्यांना चांगलं कळत होतं, फक्त तो कुणाचा हे ठरलेलं होतं.

गुलामगिरी गेली तरी १८६५ मध्ये मिसिसिपीने कायदा केला की परवानगीशिवाय काळ्या माणसाने बंदूक ठेवायची नाही. याला उत्तर म्हणून काँग्रेसने १८६६ मध्ये कायद्यात शस्त्राच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख केला आणि १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली, राज्यांनाही नागरिकांचे हक्क डावलता येणार नाहीत असं सांगणारी. १३ एप्रिल १८७३ ला लुइझियानात कोलफॅक्सच्या कोर्टाच्या इमारतीत जमलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला. डझनावारी माणसं मारली, बरीचशी शरण आल्यावर. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८७६ च्या क्रुकशँक निकालात कोर्ट म्हणालं की दुसरी दुरुस्ती फक्त काँग्रेसचे हात बांधते, खाजगी माणसांनी तुमची शस्त्रं हिसकावली तर राज्याकडे जा. त्या राज्यात न्याय कुणाच्या हातात होता ते सांगायला नको.

म्हणूनच काळ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ मध्ये लिहिलं की प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा हवी. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगमेरीच्या घरावर १९५६ मध्ये बॉम्ब टाकला, त्यानंतर त्यांनी पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. नाकारला गेला! अहिंसेचा एवढा मोठा माणूस, पण अर्ज करावासा वाटला हे लक्षात घ्या. १९६४ मध्ये लुइझियानाच्या जोन्सबरोमध्ये काळ्या कामगारांनी स्वसंरक्षणाचं पथक काढलं, त्यातले बरेच जण लष्करातून आलेले होते.

मग २ मे १९६७. ब्लॅक पँथर्स या काळ्यांच्या जहाल संघटनेचे लोक भरलेल्या रायफली घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात शिरले. तेव्हाच्या कायद्यात ते बसत होतं. भरलेलं शस्त्र घेऊन सार्वजनिक जागी फिरण्यावर बंदीचं विधेयक आधीच मांडलेलं होतं, ते भराभर मंजूर झालं. सही कुणाची? गव्हर्नर रोनाल्ड रेगन.

निर्बंध वाईट असं मी म्हणत नाहीये, मला तर आणखी हवेत. पण ज्या मैत्रिणीबरोबर मी रोज जेवते, तिचे आजोबा रात्री दाराशी बंदूक घेऊन बसायचे. तिला 'बंदुका सरकारला देऊन टाका' हे सांगायला माझी जीभ रेटत नाही.

---

गप्पिष्ट_सदाशिव

नीलमोहर ताई, दंडवत. यातलं निम्मं प्रथमच कळलं.

---

सावनी_जर्सी

मी आतापर्यंत नुसती वाचत होते.

न्यू जर्सीत आमच्या शेजाऱ्याने बंदुकीसाठी अर्ज केला तेव्हा ओळखीचा म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव दिलं होतं. पोलिसांकडून प्रश्नावली आली: हा माणूस दारू किती पितो, घरात मारहाण ऐकू येते का, मानसिक आजार आहे का. नवरा तासभर विचार करत बसला, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं तर तो शेजारी जास्त पितो का हे आम्हाला माहीतच नव्हतं. टेक्सासमध्ये एकाने दुसऱ्याला खाजगीत विकली तर यातलं काहीच लागत नाही, बरोबर ना टेक्सासकर दादा? देश एक आणि नियम पन्नास.

माझा मुलगा दुसरीत आहे. त्यांचा लॉकडाऊनचा सराव असतो, शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं याचा. दिवे बंद, दाराच्या काचेवर कागद ओढायचा, सगळ्यांनी दप्तरांच्या खणांजवळ खाली बसायचं. घरी येऊन त्याने मला सांगितलं की त्याने लाइट लागणारे बूट घालायचे नाहीत असं ठरवलंय. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचलं. त्यामुळे १७९२ चा इतिहास वाचायला छान वाटतो, पण मला एक सांगा: एकेकाळी नेमबाजी शिकवणारी एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन, बंदूकवाल्यांची संघटना) आजची एनआरए कधी झाली?

---

टेक्सासकर

सावनी ताई, हो, टेक्सासमध्ये खाजगी विक्रीला तपासणी लागत नाही. मी स्वतः अनोळखी माणसाला विकत नाही, पण कायदा अडवत नाही हे खरं आहे.

बुटांचं वाचलं. त्यावर मी वाद घालणार नाही.

---

जुनाट वकील

एनआरएचं उत्तर मी देतो, कोर्टांचंही त्यातच येईल.

१८७१ मध्ये न्यूयॉर्कला उत्तरेच्या फौजेतून आलेल्या दोन अधिकाऱ्यांनी, चर्च आणि विंगेट यांनी, ती काढली. कारण यादवी युद्धात आपल्या शिपायांचा नेम किती भिकार होता हे त्यांनी पाहिलं होतं. १९२९ च्या व्हॅलेंटाइन डे हत्याकांडात शिकागोत सात जण टॉमी गनने, म्हणजे हातातल्या मशीनगनने, मारले गेले, टोळ्यांचा धुमाकूळ चालूच होता, म्हणून १९३४ मध्ये मशीनगन आणि नळी कापलेल्या बंदुकांवर नोंदणी आणि २०० डॉलर कर बसला. तेव्हाचे २०० डॉलर म्हणजे बंदुकीच्याच किमतीएवढे. त्या सुनावणीत एनआरएचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी साक्ष दिली की सरसकट सगळ्यांनी बंदुका लटकवून हिंडणं त्यांना मान्य नाही, त्यावर कडक निर्बंध आणि परवाना हवा.

केनेडींवर झाडलेली रायफल टपालाने मागवलेली होती, शिकागोच्या दुकानातून, २० डॉलरला पाच सेंट कमी. १९६८ मध्ये किंग आणि रॉबर्ट केनेडी गेले, तेव्हा कुठे टपालाची विक्री बंद झाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला नोंदणी आणि परवानाही हवे होते, ते मिळाले नाहीत. त्यानंतर एनआरएतच फूट पडली. जुने पुढारी वॉशिंग्टन सोडून कोलोराडोला मुख्यालय न्यायच्या विचारात होते, शिकार आणि निसर्ग यावर भर द्यायचा म्हणून. मे १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत हार्लन कार्टरच्या गटाने रात्रभर चाललेल्या सभेत नियमांचा आधार घेऊन त्यांना पदावरून घालवलं. आजची एनआरए त्या रात्रीची. १९८६ च्या कायद्यात बंदुकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवायलाच सरकारला मनाई झाली. गुन्ह्यात सापडलेली बंदूक कुणाची हे शोधायचं तर वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एक केंद्र आहे. बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं तिथे खोक्यांनी येतात, त्यांच्या प्रतिमा काढतात, पण मालकाच्या नावाने शोध घेता येत नाही. कर्मचारी डोळ्यांनी पानं चाळतात. एकविसाव्या शतकात!

कोर्टांचं थोडक्यात. १९३९ च्या मिलर खटल्यात नळी कापलेल्या बंदुकीचा मिलिशियाशी संबंध दिसत नाही म्हणून सरकार जिंकलं. मिलरच्या बाजूने वकीलच उभा राहिला नव्हता आणि निकाल लागायच्या आत मिलरचाच खून झाला होता. जवळजवळ ७० वर्षं त्या निकालावर गाडी चालली. २००८ मध्ये हेलर खटल्यात ५ विरुद्ध ४ ने कोर्टाने सांगितलं की घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा वैयक्तिक हक्क आहे. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिलंय की हक्क अमर्याद नाही: गुन्हेगार, मनोरुग्ण, शाळा, सरकारी इमारती यांवरचे निर्बंध कायम. बंदूकवाले ते पान वाचत नाहीत आणि विरोधक बाकीची वाचत नाहीत. २०१० मध्ये शिकागोच्या मॅकडोनाल्ड खटल्यात हा हक्क राज्यांवरही बंधनकारक झाला, तिथे नीलमोहर यांनी सांगितलेला १८६५ नंतरचा इतिहासच आधाराला होता. फिर्यादी एक निवृत्त काळे गृहस्थ होते.

आणि २०२२ चा ब्रूएन निकाल. बाहेर पिस्तूल बाळगायच्या परवान्यासाठी खास कारण दाखवायचा न्यूयॉर्कचा शंभरहून जास्त वर्षांचा नियम रद्द. आता कुठलाही निर्बंध टिकवायचा तर इतिहासात तसं काही होतं हे सरकारने दाखवायचं. त्यामुळे सगळे वकील १७८३ चं बॉस्टन आणि १८७१ चं टेक्सास धुंडाळताहेत. धागाकर्त्याने जे हौसेने लिहिलंय ते आता कोर्टात पुरावा म्हणून चालतं. २०२४ मध्ये रहिमी खटल्यात घरगुती हिंसाचारामुळे कोर्टाचा मनाई हुकूम असलेल्याची बंदूक काढून घेणं ८ विरुद्ध १ ने वैध ठरलं. विरोधी मत ब्रूएनचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांचंच.

जबाबदारीबद्दल: मिशिगनमध्ये २०२१ साली एका पंधरा वर्षांच्या मुलाने शाळेत चार विद्यार्थी मारले. पिस्तूल बापाने चार दिवस आधी घेतलेलं. २०२४ मध्ये आई आणि बाप दोघांनाही सदोष मनुष्यवधाखाली दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या गोळीबारासाठी आईबाप दोषी ठरल्याची ही देशातली पहिलीच वेळ. माझ्या मते कुठल्याही बंदीपेक्षा हा निकाल जास्त घरांतल्या तिजोऱ्यांना कुलूप लावेल.

---

डॉ_कडुलिंब

वकीलसाहेबांच्या शेवटच्या मुद्द्याला एक जोड. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. चर्चा मात्र होते सामूहिक गोळीबाराची. इमर्जन्सीत औषधाच्या गोळ्या खाल्लेला पेशंट येतो, त्याचं पोट धुता येतं, तो बरेचदा वाचतो. बंदूक वापरलेला सहसा माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. तो एक वाईट तास टळला तर पुष्कळ जण पुढे जगतात. घरात कुणी खचलेलं असेल तर तेवढ्या काळापुरती बंदूक भावाकडे, मित्राकडे ठेवा. शिकारी मंडळींना हे सांगितलं की ते ऐकतात, मला तरी कुणी उलट बोललेलं नाही.

---

वऱ्हाडी_पाहुणा

भारतातल्या मंडळींना एक आठवण करून देतो. आपल्या घटनेतही हा हक्क यायची वेळ आली होती. १८७८ च्या इंग्रजांच्या शस्त्र कायद्याने देश निःशस्त्र केला, त्याचा राग काँग्रेसच्या ठरावांत सुरुवातीपासून दिसतो. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क होता. त्याच आधारावर घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचं म्हणणं होतं की आजच्या परिस्थितीत आग्रह धरायचा तर व्यक्तीच्या शस्त्र धारण करण्याच्या हक्काचा नको, कर्तव्याचा धरावा. युद्ध किंवा बंडाळी झाली तर प्रत्येक नागरिकाला शस्त्र उचलायला बोलावायचा अधिकार राज्याला हवा.

धागाकर्त्याने सांगितलेला १७९२ चा कायदा वाचून मला हेच आठवलं. अमेरिकेने दोन्ही लिहिलं, आणि शंभर वर्षांत कर्तव्य गळून हक्क राहिला. बाबासाहेबांनी हक्क लिहिलाच नाही.

---

टेक्सासकर

वऱ्हाडी, हे माहीत नव्हतं. पण मग भारतात सामान्य माणसाला परवान्यासाठी कलेक्टर कचेरीत किती खेटे घालावे लागतात आणि पुढाऱ्यांच्या पोरांना तो कसा मिळतो, हेही त्याच न लिहिण्याचं फळ म्हणायचं का?

---

वऱ्हाडी_पाहुणा

म्हणा. बोचरं आहे, पण म्हणा. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे ते हेच.

---

नवा_डॅलसवाला

अवांतर प्रश्न, राग मानू नका. मी एच-१बीवर आहे. ऑफिसातले लोक शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर चल म्हणताहेत. जाऊ का?

---

जुनाट वकील

बघायला जा, हात लावू नकोस. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक घेणंच नव्हे, हातात धरणंही संघराज्याच्या कायद्याने मना आहे. अपवाद आहेत, त्यातला तुझ्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना. रेंजवाले विचारतीलच असं नाही, पण उद्या ग्रीन कार्डच्या वेळी हे उगाच अंगाशी नको.

---

टेक्सासकर

वकील म्हणतात ते बरोबर. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर परवाना मिळतो, एक हरीण मारायची गरज नाही. तुझं वय बघता शिकारीला गेलास तर हंटर एज्युकेशनचा कोर्स लागेल, तो ऑनलाइन आहे. परवाना खिशात आला की मला व्यनि (खाजगी निरोप) कर. पहिल्यांदा पॉइंट टू टू रायफल हातात देईन, नऊ एमएम नाही. आणि मी सांगेपर्यंत बोट चापावर जाता कामा नये.